लोणारच्या काठावरून विमानाच्या पंखाकडे

चिखलीहून मेहकरमार्गे लोणारला गेलं की उल्कापाताने तयार झालेलं ते प्रसिद्ध विवर समोर येतं. जवळजवळ गोल, व्यास साधारण १.८ किलोमीटर. त्याच्या काठावर दोन माणसं दूरदूर उभी करून त्यांच्यात दोरी ताणली, तर ती दोरी म्हणजे शाळेच्या भूमितीतली ‘जीवा’, इंग्रजीतली ‘कॉर्ड’. दोघांच्या मधे काठाचा सहावा हिस्सा असेल तर दोरी भरेल ९०० मीटर, म्हणजे नेमकी त्रिज्येइतकी.

हा हिशेब भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त सोडवून दाखवला आहे. वर्तुळाचा व्यास २४०, परिघाचे १८ भाग. एक, दोन, तीन अशा नऊ भागांपर्यंतच्या जीवा सांगा, असं ते उदाहरण. उत्तरं येतात ४२, ८२, १२० इथपासून थेट २४० पर्यंत. तीन भागांची, म्हणजे सहाव्या हिश्श्याची जीवा १२०, हीच त्रिज्या. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ उभारला. त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

जुन्या गणिताने ही सगळी नावं धनुष्यावरून घेतली. वाकलेली कांब म्हणजे चाप, ताणलेली दोरी म्हणजे जीवा आणि दोरीच्या मध्यापासून कांबेपर्यंतचं अंतर म्हणजे शर.

हेच धनुष्य विमानाच्या पंखात सापडतं. पंख आडवा कापला तर वर फुगीर, मागे निमुळता असा छेद दिसतो. त्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची सरळ रेषा म्हणजे पंखाची कॉर्ड. पंखाची बाकीची मापं तिच्याच टक्केवारीत सांगतात. वैमानिक प्रशिक्षणात जगभर वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ विमानाच्या पंखाचा छेद ‘नाका २४१२’ या जातीचा. यातला २ म्हणजे मधल्या वक्ररेषेचा बाक, आपला शर, कॉर्डच्या २ टक्के. ४ म्हणजे तो बाक पुढच्या कडेपासून ४० टक्क्यांवर सर्वाधिक. १२ म्हणजे जाडी १२ टक्के. कॉर्ड दीड मीटर धरली तर शर ३ सेंटिमीटर, जागा ६० सेंटिमीटरवर आणि जाडी १८ सेंटिमीटर.

समोरून येणारी हवा कॉर्डशी किती अंशांचा कोन करते, यावर विमानाला मिळणारी उचल ठरते. कोन वाढवत नेला तर उचल वाढते, पण साधारण १५ अंशांच्या आसपास हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि उचल एकदम घटते. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात.

पुण्यात हडपसरच्या केंद्रातून उडणाऱ्या ग्लायडरचे पंख लांब आणि अरुंद असतात. कॉर्ड आखूड असल्याने हवेचा अडथळा कमी होतो आणि इंजिनाविना बराच वेळ तरंगता येतं. नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात बनलेल्या मिग-२१ चा पंख याच्या उलट, त्रिकोणी. धडाजवळ कॉर्ड भलीमोठी, टोकाकडे अगदी आखूड.

संगीतातल्या कॉर्डचं कूळ मात्र वेगळं. भूमितीची कॉर्ड तारेसाठीच्या ग्रीक शब्दावरून आली, तर संगीतातली ‘अकॉर्ड’, म्हणजे मेळ, यावरून. पुढे घोटाळ्यात दोघींचं इंग्रजी स्पेलिंग एक झालं. तीन किंवा अधिक स्वर एकत्र वाजले की कॉर्ड होते. पेटीवर सा, ग, प एकदम दाबले की मेजर कॉर्ड. गंधार कोमल केला की मायनर. आपलं रागसंगीत स्वरांच्या क्रमावर चालतं, त्यामुळे अशा स्वरसमूहांची त्याला गरज पडली नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात त्यांची मांडणी केली ती सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या संयोजकांनी.

तरीही ही कॉर्ड तारेत असतेच. मिरजेचा तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात. तार अखंड थरथरते, तशीच तिच्या दोन, तीन, चार, पाच भागांतही. तीन भागांतल्या थरथरीतून वरच्या सप्तकातला पंचम निघतो, पाच भागांतल्या थरथरीतून त्याहून वरचा गंधार. एका सप्तकात आणले की सा, ग, प यांचं प्रमाण ४:५:६ होतं; षड्ज २४० कंपनांचा तर गंधार ३००, पंचम ३६०. पेटीत मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात, म्हणून तिचा गंधार किंचित चढा लागतो. तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला पेटी खटकते, त्याचं एक कारण हेच.