जुनी म्हणजे व्हिंटेज नव्हे

आरएक्स 100 मोटरसायकल विकायला काढणारा हमखास म्हणतो, “साहेब, व्हिंटेज पीस आहे!” कायद्याच्या हिशेबात तसं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली झालेल्या बदलानुसार, पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच व्हिंटेज. आरएक्स आली 1985 मध्ये, म्हणजे तिच्यातल्या सर्वांत थोरलीलाही 2035 उजाडेल. राजदूत 350 तिच्याहून दोन वर्षांनीच मोठी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून साठच्या दशकात निघालेल्या जावा मात्र कधीच पन्नाशी ओलांडून गेल्या.

बरं, व्हिंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळाला की गाडी रोज ऑफिसला न्यायला मोकळे, असंही नाही. नव्या नोंदणीचे 20,000 रुपये भरूनही ती रस्त्यावर आणायची ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरण्यापुरती. ज्याला खरोखर चालवायची हौस आहे त्याने साधी नोंदणीच जिवंत ठेवावी, असं माझं मत. पंधरा वर्षांनी गाडी भंगारात जाते ही धास्ती दिल्लीची. महाराष्ट्रात तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते.

धुराबद्दलही बरंच काही ऐकू येतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, तेव्हा थंड इंजिनातून थोडा निळसर धूर निघणारच. त्यावरून इंजिन संपलं असं ठरवू नये. जावा-येझदीत ऑइल पेट्रोलच्या टाकीतच मिसळायचं असतं, तर आरएक्सला वेगळी टाकी आणि पंप असतो. मिसळताना ‘चार थेंब जास्त बरे’ म्हणून हात सैल सोडणारे पुष्कळ. त्याने प्लग काळा पडतो, सायलेन्सर काजळीने चोंदतो. शिवाय मिश्रणात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं आणि इंजिन उलट जास्त तापतं. पुस्तिकेतलं प्रमाण मोजूनच घालावं.

चकचकीत रंगाला तर मुळीच भुलू नये. टाकीला लोहचुंबक लावून पाहा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. इंजिन आणि चासीचे नंबर आरसीशी जुळले नाहीत, तर क्रोम कितीही झळकू दे, सौदा सोडावा.

गाडीला शोभतं म्हणून अर्ध्या डोक्याची टोपी घालणं आणि जड हेल्मेट म्हणजे मजबूत समजणं, दोन्ही चूक. धक्का शोषतं ते आतलं थर्माकोलसारखं अस्तर, आणि ते एकदा दबलं की पूर्ववत होत नाही. म्हणून हेल्मेट सेकंडहँड घेऊ नये. आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावं. टायरची नुसती नक्षी शाबूत असूनही भागत नाही, कारण उभ्या गाडीचं रबरही कडक होतं. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचावेत: 1412 असेल, तर तो 2012 च्या चौदाव्या आठवड्यातला.