खोटे सांगण्यापेक्षा गप्प बसणारे यंत्र

जानेवारीतल्या पहाटे दिल्ली विमानतळावर कधी कधी इतके धुके उतरते, की धावपट्टीवर पन्नास मीटरपलीकडचे दिसत नाही. तरी त्याच धुक्यातून विमाने ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने येतात आणि धावपट्टीच्या मध्यरेषेवर चाके टेकतात. या वेगाने पन्नास मीटर अंतर एका सेकंदाच्या आत संपते. डोळ्यांनी पाहून विमान वळवायला वेळच उरत नाही. त्याला खाली आणतात त्या जमिनीवरून सोडलेल्या रेडिओ लहरी. या व्यवस्थेचे नाव इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम, म्हणजे आयएलएस.

अशा दाट धुक्यात वापरायच्या आयएलएसला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, एक अट घातली आहे. एका उतरणीत तिच्या लहरींनी चुकीची वाट दाखवण्याची शक्यता २०० कोटींत एक, याहून जास्त असता कामा नये. हा आकडा गाठला आहे हे ठरवायचे कसे, याचे शास्त्र त्या लहरींइतकेच थक्क करणारे आहे.

दोन सुरांची वाट

आयएलएसचे मुख्य भाग दोन. लोकलायझर डावे-उजवे सांगतो. त्याच्या अँटेनांची रांग धावपट्टीच्या पलीकडच्या टोकापुढे, विमानाकडे तोंड करून उभी असते आणि १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या दरम्यान प्रक्षेपण करते. ग्लाइड पाथ उंची सांगतो. त्याचा मनोरा धावपट्टीच्या अलीकडच्या टोकापासून साधारण ३०० मीटर आत, एका बाजूला असतो आणि तो ३२९ ते ३३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो.

दोघांची युक्ती एकच आहे. प्रत्येक लहरीवर ९० हर्ट्झ आणि १५० हर्ट्झ असे दोन सूर चढवलेले असतात. उतरणारे विमान मध्यरेषेच्या डावीकडे गेले तर ९० हर्ट्झचा सूर वरचढ होतो, उजवीकडे गेले तर १५० हर्ट्झचा. उंचीच्या बाबतीत ठरलेल्या उताराच्या वर ९०चा जोर आणि खाली १५०चा. दोन्ही सूर जिथे सारखे, ती खरी वाट. हा उतार बहुतेक ठिकाणी तीन अंशांचा ठेवतात. कॉकपिटमधली सुई या दोन सुरांतला फरक दाखवते आणि फरक शून्य झाला की मधोमध थांबते. हा शून्य नीट लक्षात ठेवावा, कारण पुढे एका रात्री त्यानेच दगा दिला.

१९२९ ते १९६५

२४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या मिचेल फील्ड इथे जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवले आणि उतरवले. खबरदारी म्हणून पुढच्या आसनावर दुसरा वैमानिक होता. २६ जानेवारी १९३८ रोजी वॉशिंग्टनहून निघालेले बोइंग २४७ जातीचे प्रवासी विमान हिमवादळात पिट्सबर्गला आयएलएसच्या मदतीने उतरले. १९४९ मध्ये आयकाओने ही पद्धत जगासाठी प्रमाण म्हणून स्वीकारली.

भरवशाला आकडा मात्र ब्रिटनमध्ये चिकटला. लंडनच्या धुक्याने हैराण झालेल्या ब्रिटिशांनी स्वयंचलित उतरणीवर चिकाटीने संशोधन केले. त्या काळी विमान उतरताना जीवघेणा अपघात होण्याचे प्रमाण साधारण दहा लाखांत एक होते. स्वयंचलित यंत्रणा माणसाच्या दहापट सुरक्षित असली पाहिजे, असे ठरले आणि तिला एक कोटीत एक ही मर्यादा मिळाली. ‘सुरक्षित’ या ऐसपैस शब्दाच्या जागी तपासता येईल असा अंक आला. १० जून १९६५ रोजी पॅरिसहून लंडनला आलेले ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे ट्रायडंट विमान प्रवाशांसह आपोआप उतरले. त्याच्या ऑटोपायलटच्या तीन स्वतंत्र शाखा होत्या. एक वेडीवाकडी वागली की उरलेल्या दोघी तिला बाजूला काढत.

बंद पडणे आणि फसवणे

आयएलएस दोन प्रकारे दगा देऊ शकते. ती ऐन वेळी बंद पडेल किंवा चालू राहून चुकीचे सांगेल. पहिल्या धोक्यापासून वाचण्याच्या गुणाला सातत्य म्हणतात, दुसऱ्यापासून वाचण्याच्या गुणाला सचोटी. दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या आहेत.

सातत्य मोजता येते. सर्वांत वरच्या श्रेणीच्या लोकलायझरमध्ये दोन अनपेक्षित खंडांत सरासरी किमान ४,००० तासांचे अंतर असावे लागते. ४,००० तास म्हणजे १ कोटी ४४ लाख सेकंद. उतरणीतले अखेरचे ३० सेकंद सर्वांत नाजूक मानले जातात आणि ४,००० तासांत असे ३०-३० सेकंदांचे तुकडे ४ लाख ८० हजार बसतात. म्हणजे नेमक्या त्या तुकड्यात लोकलायझर बंद पडण्याची शक्यता दहा लाखांत सुमारे दोन. आयकाओची अटही नेमकी हीच आहे. त्यासाठी आयएलएसच्या जमिनीवरच्या केंद्रावर दोन ट्रान्समीटर ठेवतात. एक अँटेनाला जोडलेला असतो आणि दुसरा तयारीत चालू असतो. नोंदवहीत प्रत्येक खंड वेळ आणि कारणासह लिहिला जातो. ठरवून केलेल्या देखभालीचे तास यात धरत नाहीत.

सचोटीला हा हिशेब लागू पडत नाही. एखादी घटना अमुक इतक्या प्रयत्नांत एकदाही घडली नाही, तर तीनला त्या प्रयत्नांच्या संख्येने भागावे. तिची खरी शक्यता त्याहून जास्त नाही असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. संख्याशास्त्रातला हा साधा नियम आहे. २०० कोटींत एक हे असे सिद्ध करायचे तर ६०० कोटी उतरणी एकाही चुकीशिवाय पार पडायला हव्यात. जगभरात वर्षाला साधारण चार कोटी विमानफेऱ्या होतात. सगळ्या विमानांनी एकाच केंद्रावर उतरायचे ठरवले, तरी दीडशे वर्षे लागतील.

म्हणून अभियंते उलट बाजूने जातात. यंत्रणेचा एकेक भाग कोणकोणत्या प्रकारे बिघडू शकतो याची यादी करतात, प्रत्येक बिघाडाचा दर काढतात आणि कोणते बिघाड जुळून आले तर खोटा संदेश हवेत जाईल हे मांडतात. एकटा बिघाड कधीच घातक ठरू नये, ही या मांडणीची पहिली अट.

पहाऱ्यावरचा मॉनिटर

या सगळ्याचा कणा म्हणजे मॉनिटर. तो अँटेनातून बाहेर पडणाऱ्या लहरी सतत तपासतो. सर्वांत कडक श्रेणीत लोकलायझरची मध्यरेषा धावपट्टीच्या उंबरठ्यापाशी सहा मीटरहून जास्त सरकली, तर दोन सेकंदांच्या आत चूक थांबलीच पाहिजे. दुसऱ्या ट्रान्समीटरने सुधारली तर ठीक, नाहीतर केंद्र स्वतःला बंद करते. कॉकपिटमध्ये लगेच इशारा दिसतो आणि वैमानिक विमान वर घेतो. खोटे सांगण्यापेक्षा गप्प बसावे, हा या रचनेचा मूळ नियम आहे.

पण मॉनिटरच बिघडला तर? राखणदार झोपला आहे हे चोर येईपर्यंत कळत नाही. मॉनिटरचा असा मूक बिघाड सरासरी १०,००० तासांतून एकदा होतो असे समजू. तपासणी दर १,००० तासांनी होत असेल, तर झालेला बिघाड सरासरी ५०० तास दडून राहील. म्हणजे कोणत्याही क्षणी मॉनिटर निकामी असण्याची शक्यता वीसात एक. तीच तपासणी दर १० तासांनी केली, तर बिघाड सरासरी पाचच तास दडतो आणि शक्यता दोन हजारांत एक होते. एक सुटा भागही न बदलता भरवसा शंभरपट वाढला. दुसरा स्वतंत्र मॉनिटर बसवला की या शक्यतांचा गुणाकार होतो, त्यात नेमका तेव्हाच ट्रान्समीटर चुकण्याची शक्यताही गुणली जाते आणि २०० कोटींत एकसारखा आकडा आवाक्यात येतो. गुणाकार खरा ठरायचा तर दोन्ही मॉनिटर खरोखर स्वतंत्र हवेत. दोघांचा वीजपुरवठा एक असेल किंवा दोघांची जुळणी एकाच माणसाने एकाच चुकीने केली असेल, तर कागदावरचे गणित कोसळते.

अपियाची रात्र

२९ जुलै २००० च्या रात्री एअर न्यूझीलंडचे बोइंग ७६७ ऑकलंडहून सामोआतल्या अपियाकडे आले. ग्लाइड पाथची सुई मधोमध होती, कोणताही इशारा नव्हता. विमान मात्र धावपट्टीच्या सुमारे दहा किलोमीटर अलीकडे समुद्राकडे उतरत होते. दिवे जिथे असायला हवेत तिथे नाहीत, हे वैमानिकांच्या लक्षात आले आणि त्यांनी विमान वर घेतले. तेव्हा उंची ४०० फुटांच्याही आत होती.

चौकशीत बिघाडांची साखळी उलगडली. देखभालीनंतर ग्लाइड पाथ ‘बायपास’ अवस्थेत राहिला होता, म्हणजे मॉनिटरला तो बंद करण्याचा अधिकारच उरला नव्हता. स्थिती दाखवणारी केबल खोदकामात तुटल्यामुळे विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातल्या नियंत्रकांनाही काही कळत नव्हते. ग्लाइड पाथ दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एकीवर दोन्ही सूर सारखे असतात आणि दुसरी त्यांच्यात फरक पाडते. त्या रात्री दुसरी लहर गायब होती. उरले फक्त सारखे सूर, म्हणजे शून्य फरक. विमान कितीही उंचीवर असो, सुई एकच सांगत राहिली: बरोबर वाटेवर आहात.

ही फसवणूक ओळखण्याचा उपाय सोपा आहे. तीन अंशांच्या उतारावर दर नाविक मैलाला विमान सुमारे ३०० फूट खाली येते. साडेपाच नाविक मैलांवर, म्हणजे सुमारे दहा किलोमीटरवर, ते विमानतळापेक्षा साधारण १,७०० फूट उंच असले पाहिजे. अंतर आणि उंची यांचा हा मेळ घालायची शिस्त अपियानंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात अधिक आग्रहाने आली.

केंद्राबाहेरच्या चुका

केंद्र ठणठणीत असूनही लहर वाकडी जाऊ शकते. ३ नोव्हेंबर २०११ रोजी म्युनिकला सिंगापूर एअरलाइन्सचे बोइंग ७७७ ऑटोपायलटवर उतरत होते. हवामान फारसे बिकट नसल्याने लोकलायझरच्या आसपासचा संवेदनशील टापू मोकळा ठेवलेला नव्हता. पुढे उड्डाण करणाऱ्या एका विमानाच्या धातूच्या अंगावरून लहरी परावर्तित झाल्या, मध्यरेषा क्षणभर ढळली आणि ७७७ आधी डावीकडे गवतात, मग धावपट्टी ओलांडून उजवीकडे गेले. प्राणहानी झाली नाही. धुक्यात विमानांमधले अंतर वाढवतात आणि उड्डाणांना उशीर होतो, त्याचे एक कारण हा टापू मोकळा ठेवणे हेच आहे. ग्लाइड पाथ तर आपली लहर घडवताना समोरच्या जमिनीवरून होणारे परावर्तन वापरतो. त्यामुळे तिथली भरणी, साचलेले पाणी आणि पावसाळ्यात वाढणारे गवत यांवरही तंत्रज्ञांची नजर असते.

म्हणूनच अंतिम परीक्षा आकाशातून घेतात. भारतात हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे फ्लाइट इन्स्पेक्शन युनिट करते. मापनयंत्रे बसवलेले छोटे विमान धावपट्टीकडे पुन्हा पुन्हा येते, कधी मध्यरेषेवरून, कधी मुद्दाम बाजूने, कधी उताराच्या खालून. जमिनीवरचे तंत्रज्ञ लहर जाणूनबुजून इशाऱ्याच्या मर्यादेपर्यंत सरकवतात आणि वरचे पथक ती खरोखर तेवढीच सरकली का, हे मोजते. आयएलएससाठी ही फेरी सर्वसाधारणपणे सहा महिन्यांनी होते.

आता वाट दाखवायला उपग्रहही आले आहेत. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगड इथे इंडिगोचे एटीआर विमान भारताच्या ‘गगन’ यंत्रणेच्या मार्गदर्शनावर उतरले. लहरी अवकाशातून येऊ लागल्या तरी परीक्षेतले प्रश्न तेच राहिले: संदेश अचूक आहे का, मधेच तुटेल का, आणि चुकला तर किती सेकंदांत सांगेल?

या सावधपणाचा अनुभव वाचकांनाही कधीतरी येतो. विमान धावपट्टीजवळ पोहोचते आणि अचानक गर्जत पुन्हा वर चढते. प्रवासी वैतागतात, मोबाइलवर तक्रारी लिहिल्या जातात. अशा वेळी वैमानिकाला दोष देऊ नये. काहीतरी जुळत नाही असे दिसले की वर निघून जायचे, हाही २०० कोटींच्या त्या हिशेबाइतकाच सुरक्षिततेचा भाग आहे, आणि त्याची किंमत बहुधा पंधरा-वीस मिनिटांच्या उशिराहून जास्त नसते.