छातीत पाणी : सुईआधी सोनोग्राफी



हंगामात तोडणीच्या टोळीतला एखादा गडी ताप-खोकल्याने बसून राहतो. एका कुशीत दुखते, मोळी उचलली की धाप लागते. आपण म्हणतो, थंडी बाधली असेल. मग डॉक्टर सांगतात, "छातीत पाणी झालंय", आणि घरची मंडळी हबकतात. म्हणून हा प्रकार काय आहे ते आपण समजून घेऊ.

फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. त्यांच्यामध्ये वंगणापुरता, दोन-चार चमचे द्रव असतो. तो वाढला की फुप्फुस दबते. आपल्याकडे याचे एक मोठे कारण क्षयरोग आहे. न्यूमोनिया, हृदयाचे, मूत्रपिंडाचे वा यकृताचे विकार आणि कॅन्सर हीही कारणे आहेत.

पिंपात डिझेल किती उरले, हे आपण ठोकून पाहतो. वर पोकळ आवाज येतो, खाली बद्द. ऑस्ट्रियाचे डॉक्टर आउएनब्रुगर यांनी १७६१ साली छातीवर ठोकून पाहण्याची अशीच रीत ग्रंथात मांडली. पुढे एक्स-रे आला. पण त्यात पाणी स्पष्ट दिसायला ते साधारण २०० मिली तरी व्हावे लागते. सोनोग्राफीत त्याहून पुष्कळ कमी पाणीही सापडते. पाण्यात जाळी धरली असेल तर तीही दिसते. यात एक्स-रेसारखे किरण नसतात, फक्त ध्वनिलहरी असतात.

मोठा फायदा सुई घालताना होतो. अंदाजाने घातलेली सुई फुप्फुसाला लागली तर छातीत हवा भरते. सोनोग्राफीने जागा व खोली पाहून, रोग्याला न हलवता, तिथल्या तिथे सुई घातली की हा धोका कमी होतो. एका वेळी सहसा दीड लिटरपेक्षा जास्त पाणी काढत नाहीत. तेव्हा "सगळं एकदाच काढून टाका" असा हट्ट धरू नये.

१९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे. ते वाटेल तसे गावोगाव नेता येत नाही. म्हणून रोग्यालाच वेळेत रुग्णालयात न्यावे.

आणि पाणी काढले म्हणजे रोग गेला असे नव्हे. पाट फुटून शेतात पाणी साचले, तर नुसता उपसा करून भागत नाही. फूट बुजवावी लागते. क्षय निघाला तर औषध सहसा सहा महिने घ्यावे लागते. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. निक्षय योजनेतून पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये मिळतात. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याकडचे मजूर तोडणीसाठी गुजरातेतही जातात. त्यांनी निघण्यापूर्वी दवाखान्यात सांगावे, म्हणजे औषध तिकडे चालू ठेवता येते. ताप उतरला म्हणून गोळ्या सोडू नयेत.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, बारीक ताप, कुशीत दुखणे असे दिसले, तर सभासदांनी व मुकादमांनी त्या गड्याला तपासणीला पाठवावे. धाप वाढली असेल तर त्याच दिवशी न्यावे. चार दिवसांची तोडणी मागे पडली तरी भरून काढता येते. माणूस गेला तर तो परत येत नाही.