डोस अर्धा की गोळी अर्धी?

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर फौजेत पायदळात होतो. औषधांशी माझा संबंध पूर्वी एमआय रूमच्या खिडकीपुरता आणि आता रोज सकाळच्या चार गोळ्यांपुरता. तरीही आजचा विषय मी मुद्दाम मागून घेतला, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि तिची खूण माझ्या थोरल्या बहिणीच्या मनगटात अजून आहे.

ताई बडोद्याला असते. काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ती महिनाभर आमच्याकडे महूला राहायला आली होती. रक्तदाबासाठी तिला निफेडिपिन रिटार्ड, २० मिलिग्रॅम चालू होती. आली तेव्हाच घोट्यांवर सूज दिसत होती. या औषधानं अशी सूज येऊ शकते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिच्या डॉक्टरांना फोन लावला. ते घाईत होते. "डोस अर्धा करा आणि आठवड्यानं कळवा," एवढं म्हणाले आणि फोन ठेवला.

हुकूम मिळाला, अंमलबजावणी सुरू. दाढीचं नवं ब्लेड काढलं, गोळी बशीत ठेवली आणि दोन तुकडे केले. वर मनातून खूशही झालो, की आता एक पाकीट दोन पाकिटांइतकं पुरेल! दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं अर्धा तुकडा चहाआधी घेतला. तासाभरात तिचा चेहरा लाल झाला, छातीत धडधडायला लागलं. "डोकं हलकं वाटतंय रे," म्हणत ती बेसिनकडे जायला उठली आणि पडली. मनगट मोडलं.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो बराच खाली होता. सकाळी काय काय घेतलं ते विचारलं. मी सरळ सांगितलं, अर्धी गोळी. ते शांतपणे म्हणाले, "सर, ही गोळी तोडायची नसते. १० मिलिग्रॅमची वेगळी मिळते." एवढ्याच कारणानं पडल्या असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. पण मला जे कळायचं ते कळलं होतं.

आता हे का होतं, ते बघू. रिटार्ड गोळी म्हणजे टप्प्याटप्प्यानं शिधा वाटणारा क्वार्टर मास्टर. तिची बांधणीच अशी असते की औषध काही तासांत हळूहळू बाहेर पडावं. ती तोडली, चावली किंवा कुटली, तर गोदामाचं दार मोडल्यासारखं होतं. जे दिवसभर पुरायचं ते थोड्या वेळात रक्तात येतं. म्हणजे डोस अर्धा, पण मारा जोरदार. आणि संध्याकाळपर्यंत रसद संपलेली, त्यामुळे तेव्हा रक्तदाब पुन्हा वर. निफेडिपिनच्या बाबतीत हे विशेष जपावं लागतं. एके काळी रक्तदाब झटपट उतरवायला त्याची साधी कॅप्सूल फोडून जिभेखाली देत असत. त्यानं रक्तदाब एकदम कोसळून हृदयाला आणि मेंदूला धोका होतो, हे लक्षात आल्यावर ती पद्धत मागे पडली.

अशी गोळी ओळखायची कशी? नावापुढची अक्षरं वाचा. एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एमआर, पीआर, रिटार्ड यांपैकी काही दिसलं, तर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आपल्याकडे एक भानगड आहे. मेडिकलवाला कात्रीनं पट्टी कापून आठ-दहा गोळ्या देतो आणि नेमका नाव व मुदत छापलेला भाग त्याच्याकडेच राहतो. म्हणून मी आता अख्खी पट्टीच मागतो. तेवढ्या गोळ्या नको असतील, तर निदान नावाच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून घेतो.

याला अपवादही आहेत. मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही लांब चालणाऱ्या गोळ्या असंख्य बारीक कणांच्या बनलेल्या असतात आणि प्रत्येक कण स्वतंत्रपणे औषध सोडतो. अशी गोळी रेघेवर अर्धी करता येते, चावायची मात्र नाही. पण आपल्या हातातली गोळी त्या जातीची आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. ते फार्मासिस्टलाच विचारायला हवं.

दुसरी जात कवचाच्या गोळ्यांची. हे कवच पोटात विरघळत नाही, पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतं. गंमत अशी की ते कधी औषधाला पोटापासून वाचवतं, तर कधी पोटाला औषधापासून. पँटोप्रॅझोल पोटातल्या आम्लात टिकत नाही. ती गोळी तोडली तर औषध वाटेतच खलास आणि तुम्ही म्हणणार, गुण येत नाही. डायक्लोफेनॅकचं उलट. तिथं कवच गेलं की पोटाच्या अस्तराला त्रास. हृदयासाठी रोज घेतात त्या एस्पिरिनच्या बऱ्याच गोळ्याही कवचाच्याच असतात. मात्र प्रत्येक चकचकीत गोळी कवचाची नसते. नुसतं चव झाकणारं किंवा रंगाचं पातळ आवरणही असतं, तिचे तुकडे चालू शकतात. डोळ्यांनी हा फरक ओळखता येत नाही.

मग गोळी तोडायचीच नाही का? असं अजिबात नाही. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी जी सरकारी आरोग्यसेवा आहे, तिथं कोलेस्टेरॉलवरची सिम्व्हास्टॅटिन ही गोळी दुप्पट ताकदीची देऊन अर्धी करून घ्यायला सांगत. पैसा वाचे आणि कामही भागे. ती साधी गोळी, औषधही असं की रोज थोडं कमीजास्त झालं तर बिघडत नाही.

इथं जरा हिशेब करू. ५० ची गोळी तोडली आणि तुकडे झाले ३० आणि २०. आज ३०, उद्या २०. जे औषध शरीरात बराच काळ टिकतं, तिथं ही चूक आपोआप भरून निघते. ॲम्लोडिपिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण ३० ते ५० तास लागतात, थायरॉक्सिनला सुमारे आठवडा. त्यामुळे दोन दिवसांची सरासरी बरोबर बसते, अट एकच, की एकाच गोळीचे दोन्ही तुकडे लागोपाठ घ्यायचे. काही तासांत निघून जाणाऱ्या औषधाला ही सवलत नाही. आणि डिगॉक्सिन, फेनिटॉइन, लिथियम यांसारख्या औषधांत योग्य मात्रा आणि जास्त मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. तिथं असले प्रयोग डॉक्टरांच्या हुकमाशिवाय नकोत. रक्त पातळ करणारी वॉरफरिनही तशीच नाजूक. ती अर्धी करायला डॉक्टर सांगतात, पण मग रक्ततपासणीवर त्यांचं लक्ष असतं.

गोळीवरच्या रेघेबद्दल नेहमी विचारलं जातं. रेघ हा चांगला संकेत आहे, पण तो परवाना नव्हे. कधी ती नुसती नक्षीही असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ साली कंपन्यांना सूचना काढली, की रेघ द्यायची तर तुकडे वजनात, विरघळण्यात आणि टिकण्यात कसोटीला उतरतात हे दाखवा. रेघ नसेल तर माझा नियम साधा आहे, विचारल्याशिवाय नाही.

जोडगोळ्यांचंही भान ठेवा. टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी अर्धी केली, की दोन्ही औषधं अर्धी होतात. डॉक्टरांना कदाचित एकच कमी करायचं असतं. मधुमेहाच्या दुरंगी गोळीत तर एक थर ग्लिमेपिराइडचा आणि दुसरा हळू सुटणाऱ्या मेटफॉर्मिनचा असतो. ती तोडूच नका.

टेल्मिसार्टन हवेतली ओल पटकन शोषतं, म्हणून ते घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढायचं असतं. मुंबई, कोकण, गोवा, मंगळूर इथं राहणाऱ्यांनी ते आठवड्याच्या डबीत तोडून ठेवणं म्हणजे औषध वाया घालवणं. काही औषधं हाताळणाऱ्यालाही बाधतात. प्रोस्टेटसाठी दिलेल्या फिनास्टेराइडची मोडलेली गोळी गरोदर बाईनं हाताळायची नसते, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. आजोबांच्या गोळ्या सुनेनं तोडून द्यायच्या, ही आपल्या घरांतली रीत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. मेथोट्रेक्सेटही तोडायचं नाही. आणि हाडांसाठी आठवड्यातून एकदा घेतात ती अलेन्ड्रोनेट अख्खीच गिळायची, नाहीतर अन्ननलिका पोळते.

तोडायची परवानगी मिळालीच, तर ब्लेड नको, सुरी नको. मेडिकलमध्ये गोळ्या कापायची छोटी प्लास्टिकची डबी मिळते, ती घ्या. हात कोरडे, उजेड भरपूर, एका वेळी एकच गोळी. भुगा झाला तर तो डोस धरू नका. हात थरथरत असतील किंवा मोतीबिंदू असेल, तर कमी ताकदीची गोळीच लिहून मागा. पैशांसाठी तोडत असाल, तर आधी जवळच्या जनऔषधी केंद्रात तेच औषध हव्या त्या ताकदीत मिळतं का, ते बघा. बरेचदा तिथं तोडण्याची गरजच उरत नाही.

आणि हे ऐकून घाबरून आज चालू असलेली अर्धी गोळी एकदम बंद करू नका. पट्टी घेऊन डॉक्टरांकडे किंवा फार्मासिस्टकडे जा आणि दाखवा.

फौजेत हुकूम मिळाला की तो तोंडानं परत म्हणून दाखवायचा असतो. वायरलेसवर तर हे सक्तीचं. मी वर्षानुवर्षं जवानांकडून ते करून घेतलं आणि घरच्या फोनवर विसरलो. "डोस अर्धा, म्हणजे हीच गोळी तोडायची की १० ची आणायची?" एवढं एक वाक्य विचारायचं राहिलं.

ताईचं औषध पुढे बदललं, सूजही उतरली. थंडीत मनगट दुखतं, तेव्हा ती फोन करते आणि हसत विचारते, "काय कर्नलसाहेब, आज काय कापलंत?"