बाराव्या वर्षीची निवड

आर्नहेम शहराबाहेरच्या वनराईत वसलेले पापेंडाल हे नेदरलँड्सचे प्रमुख क्रीडा केंद्र असून, देशाच्या ऑलिंपिक समितीचे मुख्यालयही तेथेच आहे. मुलाने कोवळ्या वयातच एका खेळाला वाहून घ्यावे, म्हणजे लवकर विशेषीकरण करावे, की अनेक खेळ खेळून निवड पुढे ढकलावी, या जुन्या वादात डच खेळाडूंचा इतिहास दुसऱ्या बाजूला झुकतो.

हॅरी लाव्रेसेन हा आधी बीएमएक्स, म्हणजे उंचवट्यांच्या मार्गावरील छोट्या सायकलींच्या शर्यतीचा खेळाडू होता. खांद्याच्या वारंवार होणाऱ्या दुखापतींमुळे तो बंदिस्त ट्रॅकवरील सायकलिंगकडे वळला आणि टोकियो व पॅरिस ऑलिंपिकमध्ये मिळून त्याने 5 सुवर्णपदके जिंकली. सुरुवातीच्या क्षणी पायांतून स्फोटासारखी ताकद काढण्याची बीएमएक्समधली सवय नव्या खेळातही उपयोगी पडणारीच होती. डाफ्ने स्खिपर्सने 2013 मध्ये हेप्टॅथ्लॉनमध्ये, म्हणजे दोन दिवसांत सात प्रकारांत होणाऱ्या स्पर्धेत, जागतिक कांस्यपदक मिळवले आणि दोनच वर्षांनी 200 मीटर धावण्यात ती जगज्जेती झाली.

दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु जर्मन संशोधक आर्ने ग्युलिख व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले तेव्हा असे दिसले की, जागतिक दर्जाच्या प्रौढ खेळाडूंनी राष्ट्रीय पातळीवरच थांबलेल्यांच्या तुलनेत बालपणी इतर खेळांचा सराव अधिक केला होता, मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता आणि आरंभी त्यांची प्रगती संथ होती. कुमार गटातील विजेत्यांचे चित्र मात्र नेमके उलटे होते. महिला जिम्नॅस्टिक्ससारख्या, कारकीर्दीचा कळस लवकर येणाऱ्या खेळांत हा निष्कर्ष जपूनच लावावा लागतो.

आश्चर्य असे की, याच नेदरलँड्समधील शाळा मुलांना सुमारे बाराव्या वर्षी वेगळे करते: प्राथमिक शिक्षण संपताच शिक्षकांचा अभिप्राय आणि चाचणी यांच्या आधारे व्यवसायाभिमुख चार वर्षांच्या, मधल्या पाच वर्षांच्या किंवा विद्यापीठाकडे नेणाऱ्या सहा वर्षांच्या शाखेत त्यांची वाटणी होते. उशिरा उमलणाऱ्या मुलाला शाखा बदलता येते, पण त्यात वर्षे जातात. सरकारला सल्ला देणाऱ्या शिक्षण परिषदेने 2021 मध्ये पहिली तीन वर्षे सर्वांना एकत्र शिकवण्याची शिफारस केली, तरी विभागणीचे वय बदललेले नाही. महाराष्ट्रात शाखा कागदोपत्री दहावीनंतरच निवडली जाते; अभियांत्रिकी प्रवेशाचे ‘फाउंडेशन’ वर्ग मात्र आठवीपासूनच भरतात.