नवी पेठेत फिल्टर मागण्याआधी आपल्या गाडीत तो आहे का, ते पाहा

सोलापूर : गावाकडून नवी पेठेत बाजाराला आलेला माणूस कपडालत्ता घेता घेता गाडीचं सामानही त्याच फेरीत उरकतो. पुन्हा पंचवीस-तीस किलोमीटर कोण येणार? मग ऑइलच्या डब्याबरोबर ‘एक फिल्टर पण द्या’ अशी मागणी होते. दुकानदार विचारतो, ‘हवेचा की ऑइलचा?’ इथं बरेच जण अडखळतात. काही जण दुसऱ्याच गाडीचा फिल्टर घेऊन घरी जातात, तर काहींच्या बिलात गाडीत नसलेल्या फिल्टरचे पैसे लागतात. म्हणून खरेदीआधी आपल्या इंजिनात ऑइल नेमकं कशातून गाळलं जातं, हे माहीत असलेलं बरं.

स्प्लेंडरमध्ये कागदी फिल्टर नसतो

आपल्याकडे सर्वात जास्त दिसणाऱ्या स्प्लेंडर, एचएफ डिलक्स या गाड्यांत बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतोच. त्यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे तळाशी बसवलेली तारेची जाळी. ती पॅकिंगचे तुकडे, धातूचा मोठा कचरा अडवते. दुसरा सेंट्रिफ्युगल फिल्टर. तो क्रँकबरोबर गरगर फिरतो, त्यामुळे ऑइलमधला जड गाळ बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन भिंतीला चिकटतो.

हे दोन्ही बदलायचे नसून साफ करायचे असतात. त्यासाठी क्लच साइडचं कव्हर उघडावं लागतं. कव्हर उघडलं की पॅकिंग नवीन टाकावं लागतं. हे काम घरी करण्यापेक्षा गॅरेजमध्ये, पण समोर उभं राहून करून घ्यावं. कित्येक गाड्यांचं ऑइल वेळच्या वेळी बदललं जातं, पण हा गाळ वर्षानुवर्षे तसाच राहतो. नवीन ऑइल मग जुन्या चिखलातून फिरतं.

कागदी फिल्टर कुठल्या गाडीत?

रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, बजाजची पल्सर १५० किंवा एनएस २०० अशा गाड्यांत कागदी फिल्टर असतो. इंजिनच्या बाजूला छोटं झाकण, त्याला दोन-तीन बोल्ट आणि आत घडीच्या कागदाचा नळकांड्यासारखा फिल्टर. रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसी गाड्यांना मात्र बाहेरून फिरवून बसवायचा डबा-फिल्टर असतो, ट्रॅक्टरला असतो तसा.

कागदी फिल्टर धुऊन परत वापरायचा नसतो. पेट्रोलमध्ये बुचकळून, हवा मारून तो स्वच्छ दिसला तरी कागद फाटण्याची आणि कचरा आत राहण्याची शक्यता असते. फिल्टर तुंबला तर बऱ्याच इंजिनांत ऑइल आडवाटेने, न गाळताच पुढे जातं. इंजिन चालू राहतं, त्यामुळे मालकाला काही कळत नाही. आत घासणं मात्र सुरू झालेलं असतं.

घेताना काय बघायचं?

नुसतं ‘पल्सरचा द्या’ म्हणू नये. मॉडेल आणि साल सांगावं, जमलं तर जुना फिल्टर सोबत न्यावा. लांबी, जाडी आणि भोक जुळवून घ्यावं. पाकिटावर कंपनीचं नाव, पार्ट नंबर, किंमत नीट छापलेली असावी. सुट्या, बिनपाकिटाच्या मालाच्या नादी लागू नये. झाकणाची ओ-रिंग आणि ड्रेन बोल्टचं वायसर त्याच वेळी मागून घ्यावं आणि पक्कं बिल घ्यावं.

ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं बघावं. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो.

काढायची पद्धत

इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करावं. ऑइल कोमट झालं की पातळ होतं, पण हात भाजेल इतकं गरम नको. गाडी सपाट जागेवर सरळ उभी करावी. खाली घमेलं ठेवून ड्रेन बोल्ट काढावा आणि ऑइल निथळू द्यावं.

मग फिल्टरच्या झाकणाचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने ढिले करावेत. झाकण काढताच मोबाइलवर फोटो घ्यावा. स्प्रिंग असेल तर ती कुठं आणि फिल्टरची कुठली बाजू बाहेर, हे बसवताना आठवत नाही. फिल्टर उलटा बसला तर ऑइलची वाट चुकते. जुनी ओ-रिंग खोबणीत चिकटलेली नाही ना, ते पाहावं. जागा दोरे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी. नव्या ओ-रिंगला ऑइलचं बोट लावून बसवावी.

बोल्ट आवळताना जोर दाखवू नये. इंजिनचं अंग ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की दहा मिनिटांचं काम लेथवर जातं.

ऑइल किती टाकायचं, याचे पुस्तिकेत एकापेक्षा जास्त आकडे असतात. एक फक्त ऑइल बदलल्यावरचा, दुसरा फिल्टर बदलल्यावर किंवा इंजिन उघडल्यावरचा. आपल्या कामाचा आकडा बघूनच ओतावं. नंतर इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करावं, थोडं थांबून पातळी तपासावी. स्प्लेंडरची पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून मोजतात. झाकणापाशी गळती आहे का, हेही त्याच वेळी पाहावं.

जुनं ऑइल बोलतं

काढलेलं ऑइल काळं असणं साधी गोष्ट आहे. पण ते चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलेलं असू शकतं. ओढ्यातून, पाटाच्या पाण्यातून गाडी घालणाऱ्यांनी हे जरूर बघावं. धातूची चमकी, कण दिसले तर नवीन ऑइल भरून पुढे जाऊ नये, आधी मेकॅनिकला दाखवावं.

जळकं ऑइल बांधावर, विहिरीजवळ किंवा गटारीत ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. डब्यात भरून, ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं.

सकाळी दुधाचे कॅन घेऊन निघणाऱ्याची गाडी वाटेत जाम झाली तर त्या दिवसाचं दूधही जातं आणि इंजिनचा खर्च वेगळाच. त्यापुढे फिल्टर नाहीतर पॅकिंगचा खर्च किरकोळ आहे. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका कपाटातून काढून बदलण्याचे आणि साफ करण्याचे किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत. धुळीच्या रस्त्यावर ओझं वाहणाऱ्या गाडीला त्याच्याही आधी हात लावलेला चांगला.