एकाच खोलीतले दोन भाऊ



आपल्या कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक वाडीचा एखादा तरी पोरगा मुंबईच्या उपनगरात आहे. कुणी घाटकोपरला, कुणी अंधेरीला, कुणी मुलुंड-बोरिवलीला. २०२० साली करोना आला तेव्हा साऱ्यांचा जीव तिकडे टांगणीला लागला होता.

माझे दोन चुलतभाऊ घाटकोपरच्या असल्फ्यात दहा बाय बाराच्या खोलीत राहतात. थोरल्याला दोन दिवस कणकण आली, तोंडाची चव गेली, एवढ्यावर भागले. धाकटा सतरा दिवस प्राणवायूवर होता. वाचला, पण गावात बोलणे उठले, "धाकटा आईवर गेलाय, तिच्या माहेरचं रक्तच कच्चं." चुलती त्या बोलण्याने खचली. म्हणून हे लिहितो आहे.

रक्तात काही असते का? थोडे असते. उसावरचा मोझॅक हाही विषाणूचाच रोग. एका जातीची पाने चट्ट्यापट्ट्यांनी पिवळी पडतात, बांधापलीकडची जात हिरवीगार राहते. माणसांतही असा फरक आहे. स्वांते पाबो आणि ह्यूगो झेबर्ग या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवले, की करोना गंभीर करणारा एक आनुवंशिक तुकडा तिसऱ्या गुणसूत्रावर असून तो निअँडरथल या लोप पावलेल्या मानवाकडून सुमारे ६०,००० वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत आला. दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांत तो आहे, युरोपात साधारण १६ टक्क्यांत. म्हणजे चुलतीच्या माहेरालाच नावे ठेवायचे कारण नाही. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या अंगातही तो असेल!

शिवाय माणूस म्हणजे उसाचे बेणे नव्हे. एका जातीची टिपरी लावली की सारे शेत एकसारखे. पोरांचे तसे नसते. आईबापांपैकी एकाकडे अशी एक प्रत असली, तर ती प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. एकाला मिळते, पाठच्याला नाही.

आणि आपल्याकडे हा तुकडा कितपत दोषी, हेही पक्के नाही. बनारस हिंदू विद्यापीठ आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थांतल्या शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये दक्षिण आशियातल्या लोकांत या तुकड्याचा आणि साथीच्या प्रमाणाचा मेळ दिसला नाही.

लागण कुणाला होते, हा प्रश्न तर आणखी निराळा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत लोकांचे रक्त तपासले. त्यांतले चेंबूर आणि दहिसरकडचे दोन उपनगरांतले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. रस्ता ओलांडला की माणसाचे रक्त बदलत नाही. बदलते ती खोली, आणि संडासापुढची रांग.

धाकट्याला साखर आहे, हे दवाखान्यात गेल्यावर कळले. (साखर कारखान्याच्या अंकात हे लिहिताना अवघड वाटते, पण खरे ते खरे.) वय, मधुमेह, रक्तदाब यांनी दुखणे बळावते, आणि मधुमेह तर वेळीच तपासता येतो.

चुलतीला हे सारे बेण्याच्या भाषेत सांगितले. ती म्हणाली, "मग थोरल्यालापण मीच दिलं असंल की." दिले असेल, नसेल, तपासलेय कुणी? धाकटा आता रोज साखरेची गोळी घेतो. दिवाळी करून परत असल्फ्याला गेला.